मी सध्या उपलब्ध नाही

४ मार्च, बुधवार

निर्णय झाला. सहलीत फोन बंद. सायलेंट वगैरे नाही. पूर्ण बंद.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी श्रेय लाटायला नको. काल जेवताना ही काहीतरी सांगत होती. मी फोनवर होतो. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकल्या होत्या, त्यांना धीर देणं चाललं होतं. हिने विचारलं, "मग काय ठरलं?" मी म्हणालो, "घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस पाठवतो." ही ताट उचलून आत गेली.

नंतर कळलं, की ती तळ्याकाठच्या गावाला जायचं विचारत होती. तिच्या शाळेला सुट्टी आहे. शनिवारी निघायचं, बुधवारी परत. तळ्याच्या मधोमध एक बेट आहे, तिथे बोट जाते. त्या बोटीत बसायचं म्हणे तिच्या मनात लग्नापासून आहे. हे मला आज समजलं. आधी सांगायला काय झालं होतं?

बुकिंग तिने करूनही टाकलंय. मग मीही मोठेपणा दाखवला. म्हटलं, तुझ्यासाठी फोन घरी ठेवून येतो. ही बघतच राहिली. डोळ्यांत पाणी आलं असावं. कांदा चिरत होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

५ मार्च, गुरुवार

माझ्यासारख्या माणसाने फोन बंद करणं सोपं नाही. लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिसचा प्रमुख आहे मी. आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर स्टिकर असतं : 'अडकल्यास घाबरू नका, फोन करा.' खाली नंबर. तो माझा. स्वतःचा. वरच्यांनी ऑफिसचा टाकायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ऑफिस संध्याकाळी बंद होतं, मी होत नाही. तेव्हापासून जेवण नाही, झोप नाही. एकदा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात मशीन फिरत असताना, मी एका गृहस्थांना धीर दिलेला आहे. त्यांना माझं बोलणं कळलं नाही, पण आवाजाने आधार वाटला असणार.

असिस्टंटला सहलीचं सांगितलं. याला मी मनातल्या मनात 'बघतो' म्हणतो, कारण काहीही सांगितलं तरी "बघतो, साहेब" एवढंच बोलतो. मी म्हणालो, मी नसताना सगळं तुझ्यावर आहे. तो म्हणाला, "बघतो, साहेब." काळजी वाटते.

ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला : 'मी शनिवारपासून उपलब्ध नाही. अत्यंत तातडीचं असेल तरीही नाही.' भाषा जरा कठोर झाली, पण इलाज नव्हता. हलकल्लोळ होईल असं वाटलं होतं. एक अंगठा आला. तोही कॅन्टीनवाल्याचा.

६ मार्च, शुक्रवार

बघतोने विचारलं, "साहेब, तुमचे कॉल माझ्या नंबरवर डायव्हर्ट करायचे ना?" मी म्हणालो, करतो.

मग विचार केला. डायव्हर्ट केलं तर कोणाला कळणारही नाही की मी नाही. एखादा दिवस तसंच राहिलं तर काय बिघडेल? जरा कळू दे, हा माणूस रोज काय काय सोसतो ते. यात सूड वगैरे काही नाही. प्रशिक्षण म्हणता येईल. अर्थात उद्या सकाळी निघताना करीनच.

हिने दोनदा विचारलं, डायव्हर्ट केलं का. मी हो म्हणालो. उद्याचं आजच सांगितलं, एवढंच.

मुलीचा फोन आला होता. परगावी नोकरी करते. म्हणाली, "बाबा, फोन ठेवून चाललायस, पण तुला आईचा नंबर पाठ आहे का?" एका बापाला हा प्रश्न! मी विषय बदलला.

७ मार्च, शनिवार. तळ्याकाठी. प्रचंड दमलोय.

सकाळी फोन बंद करून कपाटात स्वेटरखाली ठेवला. काय हलकं वाटलं! हिने मात्र स्वतःचा फोन पर्समध्ये टाकला. मी बघितलं तर म्हणाली, "माझा फोन मला त्रास देत नाही." टॅक्सीत बसल्यावर डायव्हर्टचं आठवलं. परत वर जायला मी तयार होतो. पण घाईत दारापर्यंत गेलेला माणूस परतला की काम नासतं, असं माझी आई म्हणायची. आईचा शब्द मोडवला नाही.

स्टेशनवर पहिली फजिती. म्हणजे रेल्वेची. आमची गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार असल्याचा मेसेज हिच्या फोनवर आला. समोरचा बोर्ड वेगळं सांगत होता. मी म्हणालो, फोनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हेच तर आपल्याला शिकायचंय. आम्ही बोर्डाखाली उभे राहिलो. गाडी पलीकडे आली, पलीकडेच थांबली आणि पलीकडूनच गेली. ही गाडीकडे बघत होती. मी बोर्डाकडे.

हिने फोनवरूनच बसची तिकिटं काढली. ते मी पाहिलं नाही, असं ठरवलं.

बस एका हॉटेलापाशी चहाला थांबली. ही स्कार्फ डोळ्यांवर घेऊन झोपली होती. मी पाय मोकळे करायला उतरलो. गल्ल्यावरच्या माणसाचा फोन समोरच पडला होता. म्हटलं, एकदाच ऑफिसला विचारावं, सगळं ठीक आहे ना. यात वचनभंग नाही, कारण फोन माझा नव्हता. मी बोलत असताना बस निघाली. मी धावलो. हात केले. ड्रायव्हरने आरशात पाहिलं असणार, पण हल्ली माणुसकी कुठे राहिलीय?

आता हिला कळवायचं कसं? नंबर! लक्षात आलं, की मला जगात दोनच नंबर पाठ आहेत. एक माझा, एक ऑफिसचा. माझा लावून पाहिला. बंद. (का लावला, ते आत्ता सांगता येत नाही. माणूस घाबरतो.) मग पुन्हा ऑफिस. बघतोने उचलला. "साहेब, तुम्ही बंद आहात ना?" मी म्हणालो, वहिनींचा नंबर शोध. म्हणाला, "बघतो, साहेब." तेवढ्यात गल्लेवाल्याने फोन काढून घेतला. त्याच्या मेहुण्याचा फोन येणार होता म्हणे. मेहुणे कोणाला सुटलेत!

त्यात आपलं लॉज कोणतं, तेही ठाऊक नाही. नाव हिच्या फोनमध्ये.

शेवटी एक लॉन्ड्रीची गाडी मिळाली. तळ्याकाठच्या सगळ्या लॉजवर धुतलेल्या चादरी पोचवणारी. माझी कल्पना अशी, की सगळी लॉज फिरली की त्यातलं एक आपलं निघणारच. याला म्हणतात प्रसंगावधान. प्रत्येक लॉजवर उतरून मी रजिस्टरमध्ये नाव विचारत होतो, आणि रिकाम्या हाताने आत कशाला जायचं म्हणून ड्रायव्हर माझ्या डोक्यावर गाठोडं देत होता. शेवटून दुसऱ्या लॉजच्या व्हरांड्यात ही सूप पीत बसलेली दिसली. शेजारी मोठी टोपी घातलेल्या एक आजी. मी गाठोड्यासकट समोर उभा राहिलो. आजी म्हणाल्या, "टॉवेलही आणलेत का?"

ही म्हणाली, "पोचलात?" जाग आल्यावर तिने ऑफिसला फोन केला होता. बघतोने सांगितलं, साहेब येताहेत मागून. म्हणजे हिचा नंबर तेव्हाच त्याच्याकडे आला होता! मग मला का नाही दिला? उद्या विचारतो.

८ मार्च, रविवार

शांतता. तळं. पक्षी. सकाळपासून मांडीला फोन थरथरल्यासारखं होतंय. खिसा तपासला, रिकामा. पुन्हा थरथरलं. डॉक्टरांना विचारावं म्हणून रिसेप्शनचा फोन मागितला आणि लावलाच आहे तर ऑफिसलाच लावला.

बघतो म्हणाला, "एकदम शांत आहे, साहेब. कालपासून एकही तक्रार नाही." एकही नाही! रविवार असून! म्हणजे लिफ्ट किती उत्तम स्थितीत ठेवल्यात मी. डायव्हर्ट राहिलं याची उगाच रुखरुख लागली होती. नंबराचं न विचारताच ठेवला, इतका आनंद झाला. लॉजच्या मॅनेजरला माझं कार्ड दिलं. त्याच्याकडची लिफ्टही आमच्याच कंपनीची आहे. तो म्हणाला, मधूनमधून हिसका देते. मी म्हणालो, लिफ्ट हिसका देत नाही, लोक घाबरट असतात.

दुपारी वेटरच्या फोनवरून ऑफिस. शांत. तिसऱ्या प्रहरी बोटवाल्याच्या फोनवरून. शांत. संध्याकाळी आजींचा फोन मागितला, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन सोडलाय ना? मग सोडा की." मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्यांच्या आवाजाला अजून निवृत्तीची ऑर्डर मिळालेली नाही.

ही म्हणाली, "अहो, या गावात आता फक्त पोस्टमन राहिलाय, ज्याचा फोन तुम्ही मागितला नाही." विनोद होता. मी हसलो. ती हसत नव्हती.

उद्या बोट. उद्या पूर्ण दिवस तिचा. तळ्याची शपथ.

९ मार्च, सोमवार

सविस्तर लिहायचं मन नाही. तरी लिहितो, कारण माझी बाजू कुठेतरी असायला हवी.

ही जिन्याने खाली गेली, धक्क्यावर थांबते म्हणाली. मी चष्मा घेऊन मागून लिफ्टमध्ये शिरलो. आजी आधीच आत होत्या. लिफ्टने हिसका दिला आणि दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली. दिवा गेला, पंखा गेला.

आजींनी फोनचा उजेड पाडून स्टिकर वाचलं. 'अडकल्यास घाबरू नका, फोन करा.' नंबर लावला. स्पीकरवर. ज्या क्रमांकाशी आपण संपर्क साधू इच्छिता, तो सध्या बंद आहे, संदेश ठेवायचा असल्यास बीपनंतर बोला. पुन्हा लावला. बंद. आजी म्हणाल्या, "लिफ्टमध्ये नंबर लावायचा आणि फोन बंद करून बसायचं! कोण आहे हा माणूस?"

मी म्हणालो, "असेल बिचारा कुठेतरी अडकलेला."

"अडकलेला? पाय पसरून घोरत पडला असेल. मी याला सोडणार नाही." त्यांनी स्टिकरचा फोटो काढला. मग आणखी तीनदा नंबर लावला. प्रत्येक वेळी मी त्यांच्या बाजूने मान हलवली. दुसरं काय करणार?

आजींनी मग मॅनेजरला फोन केला. नंतर हिला. दोघींनी नंबर कधी घेतले-दिले कोण जाणे. हिने फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं.

"तुम्हाला लागलं तर नाही ना?"

मी नाही म्हणालो.

"त्या म्हणताहेत, स्टिकरवरचा नंबर बंद लागतोय. तुम्ही डायव्हर्ट केलं होतं ना?"

मी म्हणालो, इथे रेंज नाही.

"मला तुमचा आवाज स्वच्छ येतोय. केलं होतं ना?"

मी म्हणालो, हॅलो, हॅलो. लिफ्टमध्ये आजी माझ्याकडे बघत होत्या. पलीकडे बोटीचा भोंगा वाजला. बोटवाला काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, म्हणेल की थांबते. म्हणाली, "मी जाऊन येते," आणि ठेवला.

नंतर मॅनेजर आणि स्वयंपाकी वरच्या मशीनचं चाक हाताने फिरवून लिफ्ट सरकवायला लागले. उलटं फिरवत होते. मला राहवलं नाही, मी आतून सूचना दिल्या. आजी म्हणाल्या, "तुम्हाला बरंच कळतं यातलं." वरून मॅनेजरचा आवाज आला, "कळणारच! कार्ड दिलंय त्यांनी. याच कंपनीचे मोठे साहेब आहेत ते!"

आजींनी फोनच्या उजेडात आधी स्टिकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उजेड बंद केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० मार्च, मंगळवार

ही काल बेटावरून आली. नाक उन्हाने लाल, हातात पक्ष्याचं एक पीस. तिथे काय काय पाहिलं ते सगळं आजींना सांगत होती. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. ऐकू आलं तेवढं ऐकलं. छान होतं म्हणे.

सकाळी हिच्या फोनवर बघतोचा फोन. मी घेतला. तक्रारी नव्हत्या, कारण सगळे कॉल कपाटातल्या स्वेटरखाली जात होते. रविवारी संध्याकाळी एक मनुष्य ऑफिसवर येऊन वॉचमनवर ओरडला, तेव्हा बघतोला कळलं. त्याचे वडील रविवारी दुपारभर लिफ्टमध्ये होते. एकटे. तो बाहेरगावी होता. परत आला तेव्हा दाराआडून त्यांचा आवाज ऐकू आला. आजोबा सुखरूप आहेत. मी वय विचारलं. विचारायला नको होतं.

बघतोने माणसं जमवली, रात्रीतून नवी स्टिकरं छापून घेतली आणि काल दिवसभर स्वतः इमारती पालथ्या घातल्या. मी म्हणालो, मला लगेच का नाही कळवलंस? तो म्हणाला, "साहेब, तुम्ही उपलब्ध नव्हता." टोमणा मारत नव्हता. त्याला टोमणा मारता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

ही खिडकीशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी फोन बंद केलात."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच.

"नाही हो. सगळ्यांनी तुम्हाला शोधावं म्हणून केलात."

यावर चांगलं उत्तर आहे. आत्ता सुचत नाही. सुचलं की इथे लिहीन.

११ मार्च, बुधवार

परत आलो. गाडी वेळेवर. प्लॅटफॉर्म बरोबर. खिडकी हिने मला दिली आणि पुस्तक वाचत बसली. वाटेत काहीच घडलं नाही. काहीतरी घडायला हवं होतं, निदान बोलायला.

उत्तर सुचलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

फोन चालू केला. मिस्ड कॉल इतके, की स्क्रीन काही वेळ गोठूनच गेली. सगळे व्हॉइस मेसेज ऐकायचे असं ठरवलं. सगळ्यात वरचा आजींचा निघाला, लिफ्टमधून केलेला. मागे माझाच आवाज येतो : 'असेल बिचारा.' पुढचे ऐकले नाहीत. आजोबांच्या घरी मात्र जाऊन आलो. बघतोने बरोबर यायचं म्हटलं, मी नको म्हणालो. आजोबांनी पाणी दिलं. म्हणाले, "तुमचा नंबर पाठ झाला हो मला." मला वाईट वाटावं म्हणून म्हणाले नव्हते. ते काही वाईट माणूस नाहीत.

वरच्या साहेबांनी बोलावलं. मी राजीनामा खिशात नेला होता. ते म्हणाले, तुम्ही खूप वर्षं धावपळ केलीत, आता जरा निवांत. मला प्लॅनिंगला घेतलंय. सर्व्हिस बघतोकडे. तीन पाळ्यांत माणसं बसतात आता, नंबर ऑफिसचा. वर्षानुवर्षं मी म्हणत होतो, की माझ्यावर फार भार आहे. शेवटी माझं ऐकलं म्हणायचं. प्लॅनिंग वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा ही बढतीच. जिन्याने जातो. व्यायाम होतो.

बघतो म्हणाला, "काही लागलं तर सांगा, साहेब." 'बघतो' म्हणाला नाही.

१७ मार्च, मंगळवार

काय शांतता आहे! जेवण गरम. झोप पूर्ण. दातांच्या डॉक्टरकडे नीट आ करून बसलो.

रिंगचा आवाज तपासला, पूर्ण आहे. सिमची कंपनी बदलावी का? हल्ली रेंज बरोबर नसते. बघतोला सांगून एक कॉल करवून घेतला. "लागतोय, साहेब," म्हणाला आणि ठेवला. त्याच्यामागे फोन वाजत होते. तीन-चार तरी असावेत.

हिच्या फोनवर आजींचे फोटो येतात. पुढच्या महिन्यात दोघी डोंगरात जायचं म्हणताहेत. मी म्हणालो, मी मोकळा आहे. ही म्हणाली, "बघू."

२१ मार्च, शनिवार

संध्याकाळी ही बूट घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "चला, बागेपर्यंत चालून येऊ." सहलीनंतर पहिल्यांदा आपणहून विचारलं. मी उठलोच होतो. शर्ट बदलला, भांग पाडला.

फोन वाजला.

मी हिला एक बोट दाखवलं, म्हणजे एक मिनिट. कार्ड विकणाऱ्या कुठल्यातरी बँकेची मुलगी होती. मला कार्ड नको होतं, पण पोर बिचारी दिवसभर नकार ऐकत असणार. मी योजना समजून घेतली. मग विचारलं, ऑफिस कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? हिसका देते का? अडकल्यावर काय करायचं ते तिला सांगायला लागलो. दाराला हात लावायचा नाही, उड्या मारायच्या नाहीत, श्वास हळू घ्यायचा. ती म्हणाली, "सर, तुम्हाला कार्ड घ्यायचंय का नक्की?" मी म्हणालो, आधी हे नीट ऐकून घे. ती म्हणाली, "सर, मला पुढचे कॉल करायचे असतात," आणि फोन ठेवला.

वळून पाहिलं तर दार ओढून घेतलेलं. ही गेली होती. माझे बूट तिने रॅकमधून काढून दारापाशी जोडीने लावून ठेवले होते.

पटकन घातले. बागेला दोन रस्ते आहेत, कुठल्या रस्त्याने गेली ते विचारावं म्हणून हिला फोन लावला. नंबर आता पाठ केलाय.

स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला.